मांजर गाभण आहे का, हे कसे ओळखावे? आणि असल्यास पुढे काय करावे?

चांदणवेल

नमस्कार. आमच्या परिचयातील एका कुटुंबाला घर बदलावे लागले आणि नव्या जागेत मांजरे चालणार नव्हती, म्हणून त्यांची पिंगी काही आठवड्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आली. ती साधारण आठ महिन्यांची आहे आणि तिची नसबंदी झालेली नाही. पूर्वीच्या घरी तिचा सख्खा भाऊ असलेला बोकाही होता, त्याचीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. "भावंडेच आहेत, काळजीचे कारण नाही," असे आम्हाला सांगण्यात आले होते. आमच्याकडे आल्यापासून ती एकदाही घराबाहेर गेलेली नाही.

गेल्या काही दिवसांत ती नेहमीपेक्षा जास्त झोपते आहे, सकाळच्या वेळी तिला एक-दोनदा उलटी झाली आणि काल ती उताणी पहुडलेली असताना तिचे सड मला फुगीर व गडद गुलाबी दिसले. त्यांच्याभोवतीचे केसही विरळ वाटले. पोट मात्र मला होते तसेच दिसते, तर माझ्या बहिणीला ते सुटल्यासारखे वाटते. पूर्वीच्या घरी ती अधूनमधून रात्रभर ओरडत असे. आमच्याकडे तसे अजून एकदाही झालेले नाही.

ती गाभण असेल का, आणि हे खात्रीने कसे कळते? आमच्या मनात पिल्लांचा विचार नव्हता, पण घाईने काही करून तिला त्रास व्हावा असेही वाटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रानवाट

भावंडे असण्याने मांजरांना काहीही फरक पडत नाही. भाऊ-बहीण, बाप-लेक, आई-मुलगा, कोणतेही नाते माजाच्या आड येत नाही. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, त्यामुळे आठ महिन्यांची, नसबंदी न झालेली मांजरी बोक्यासोबत राहिली असेल तर ती गाभण आहे असे धरूनच पुढची पावले उचलावीत.

निशिगंध

सडांविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते घरच्या घरी दिसणारे सर्वांत बोलके लक्षण आहे. संयोगानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात सड फुगून गुलाबी होतात आणि पहिलटकरीण मांजरीत हा बदल अधिक ठळकपणे दिसतो. त्या सुमारास काहींना थोडीफार उलटी होते, एखाद-दोन दिवस अन्नावरची वासनाही कमी होते. पोट डोळ्यांना जाणवू लागते ते बहुधा पाचव्या आठवड्यानंतर. त्यामुळे तुम्हाला काही दिसत नाही आणि बहिणीला दिसते, यावरून आत्ता काहीच ठरवता येणार नाही.

ओरडणे थांबले ही गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. दिवस मोठे असण्याच्या काळात संयोग न झालेली मांजरी दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. जमिनीवर लोळणे, पुढचे अंग खाली टेकवून मागचे अंग वर उचलणे, शेपटी एका बाजूला धरणे आणि अखंड ओरडणे हे सगळे आठवडाभर चालते. ते थांबले म्हणजे गर्भच आहे असे मात्र नाही.

एक कळकळीची विनंती. पिल्ले हाताला लागतात का, हे पाहण्यासाठी पोट दाबू नका.

कातळफूल

मी पशुवैद्यक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निशिगंध यांनी पोट न दाबण्याविषयी लिहिले आहे ते अत्यंत महत्त्वाचे आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सरावलेल्या हाताला गर्भाशयातल्या गाठी मण्यांच्या माळेसारख्या लागतात, पण आम्हीही ते हलक्या बोटांनी करतो, आणि पाचव्या आठवड्यानंतर त्या गाठी एकमेकींत मिसळल्यामुळे वेगळ्या कळत नाहीत. खात्रीसाठी सोनोग्राफी करावी. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांच्या हृदयाचे ठोके स्पष्ट दिसतात, म्हणजे गर्भ आहेत आणि ते जिवंत आहेत, हे दोन्ही कळते. संख्या मात्र सोनोग्राफीत चुकू शकते. ती हवी असेल तर पिल्लांची हाडे पुरेशी घट्ट झाल्यावर, म्हणजे सुमारे पंचेचाळिसाव्या दिवसानंतर, एक्स-रे काढतात आणि तो जितका प्रसूतीच्या जवळ काढावा तितकी मोजणी पक्की येते. माणसांसाठीच्या गर्भचाचणीच्या पट्ट्या मांजरांसाठी निरुपयोगी आहेत, कारण त्या ज्या संप्रेरकाचा शोध घेतात ते मांजरीच्या शरीरात तयारच होत नाही.

मांजरीचा गर्भकाळ सरासरी ६३ ते ६५ दिवसांचा असतो; दोन-चार दिवस मागेपुढे होतात. पिंगी बोक्यापासून ज्या दिवशी दूर झाली तो दिवस तुम्हाला माहीत आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. गर्भ असलाच तर तो त्या दिवसापेक्षा लहान असू शकत नाही. ही तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खोट्या गर्भधारणेची शक्यताही लक्षात ठेवावी. संयोग होऊन बीज सुटले, पण गर्भ राहिला नाही, तर मांजरी सुमारे चाळीस दिवस माजावर येत नाही आणि काहींचे सडही थोडे फुगतात. म्हणून केवळ लक्षणांवर विसंबून निर्णय घेऊ नये.

आडवाट

वरच्या प्रतिसादात एका गोष्टीची भर घालतो. मोठे झालेले पोट हा दर वेळी गर्भच असतो असे नाही. माझ्या मावशीकडच्या मांजरीचे पोट वाढू लागले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने "आता पिल्ले येणार" असेच सांगितले. मावशीला मात्र दोन गोष्टी खटकल्या. मांजरी पाण्याच्या भांड्यापासून हलत नव्हती आणि सतत मागची बाजू चाटत होती. बसल्या जागी चादरीवर पिवळसर, घाण वासाचा डाग दिसला, तेव्हा मावशी तिला तशीच उचलून दवाखान्यात घेऊन गेली. गर्भाशय पुवाने भरलेले निघाले आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. मांजरी वाचली, पण डॉक्टरांच्या सांगण्यानुसार आणखी एक-दोन दिवसांनी ती हाती लागली नसती.

कातळफूल

आडवाट यांनी नेमके उदाहरण दिले. हा आजार माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांत उद्भवतो, म्हणजे ज्या काळात घरच्यांना गर्भाची शंका असते त्याच काळात. पोटात पाणी होणे, जंतांचा भार, क्वचित गाठ, यांनीही पोट वाढते. ताप, सुस्ती, जास्त तहान, योनीतून स्राव यांपैकी काहीही दिसले तर भेटीची वेळ ठरण्याची वाट पाहू नये.

निरंजन

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सांगत की मांजरीला एकदा तरी विऊ द्यावे, त्याने तिची प्रकृती चांगली राहते आणि स्वभावही निवळतो. शिवाय पोटात जीव वाढत असताना शस्त्रक्रिया करून तो काढून टाकणे मला मनापासून पटत नाही. निसर्गाने जे दिले आहे ते होऊ द्यावे.

रानवाट

निरंजन, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण एकदा विऊ देण्याने प्रकृती सुधारते या समजुतीला आधार नाही. उलट लहान वयातली मांजरी स्वतःच वाढत असते आणि गर्भ व दूध यांचा भार तिच्या वाढीवर पडतो.

कातळफूल

रानवाट यांना अनुमोदन. पहिला माज येण्यापूर्वी नसबंदी केल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूपच कमी होतो, आणि मांजरींमधल्या स्तनांच्या गाठी बहुतेक वेळा घातक प्रकारच्या असतात. एकदा व्याल्याने असे कोणतेही संरक्षण मिळत नाही.

गर्भावस्थेत नसबंदी करता येते आणि अनेक ठिकाणी ती नियमितपणे केली जाते. त्यात गर्भाशय गर्भांसह काढले जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत धोका नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा फारसा वेगळा नसतो. जसजसे दिवस भरत जातात तसतशा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या जाड होतात, रक्तस्रावाची शक्यता वाढते आणि भूल अधिक जपून द्यावी लागते. म्हणूनच, ज्यांना हा मार्ग निवडायचा आहे त्यांनी तो लवकर निवडावा. औषधांनी गर्भपात करण्याची सोय काही देशांत आहे, पण ती पूर्णपणे पशुवैद्यकाच्या देखरेखीखालची गोष्ट आहे. माणसांसाठीच्या गोळ्या मांजरीला कदापि देऊ नयेत. नैतिक बाजूचा निर्णय प्रत्येक घराने आपापला घ्यावा, वैद्यकशास्त्राला त्यात फक्त धोके सांगता येतात.

निरंजन

प्रकृतीविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो, माहितीबद्दल आभार. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझे मत कायम आहे.

सुरंगी

मी दुसऱ्या बाजूने गेलेली आहे, म्हणून लिहिते. आमच्या अंगणात आश्रयाला आलेली मांजरी गाभण निघाली, तेव्हा आम्ही तिची नसबंदी करून घेतली. निर्णय सोपा नव्हता. पण दर हंगामात रस्त्यावर जन्मलेली पिल्ले डोळे चिकटलेली, सर्दीने गुदमरलेली, वाहनाखाली आलेली मी पाहते आणि ज्या पिल्लांना घर मिळते तीही कुणा दुसऱ्या पिल्लाची जागा घेऊनच. माझ्यासमोर जी जिवंत मांजरी होती, तिच्याशी माझे पहिले कर्तव्य होते. निरंजन यांना वाटते ते मला समजते; मलाही त्या रात्री झोप लागली नव्हती. तरीही तो निर्णय मी पुन्हा घेईन.

पाऊसपक्षी

विषयाला धरूनच एक वेगळी माहिती. मांजरीत बीज सहसा आपोआप सुटत नाही, ते प्रामुख्याने संयोगामुळे सुटते आणि त्यासाठी बहुधा थोड्या वेळात अनेकदा संयोग व्हावा लागतो. त्यामुळे माजावरची मांजरी बाहेर राहिली तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. आमच्या ओळखीच्या एका काळ्या-पांढऱ्या मांजरीच्या वेतात एक पिल्लू तपकिरी पट्टेदार, दोन करडी आणि एक पूर्ण काळे होते. आता यात बाप किती होते हे नुसत्या रंगांवरून कोणी सांगू शकणार नाही, पण त्या गल्लीत बोके पुष्कळ होते.

मधुमालती

चांदणवेल, तुमच्या घरी कोणी गरोदर स्त्री असेल तर लिटर ट्रे दुसऱ्या कोणीतरी साफ करावा आणि तो रोज साफ व्हावा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडू शकतो, पण तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजच्या सफाईने धोका पुष्कळ कमी होतो. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. माझ्या बाळंतपणात मला हे समजावून सांगणारे डॉक्टर भेटले, म्हणून आमचे मांजर घरात राहिले.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या घरी कोणी गरोदर नाही, तरी माहिती जपून ठेवते. पिंगीच्या लसीची तारीख याच आठवड्यात आहे आणि तिच्या कानामागे नायट्यासारखा एक चट्टाही दिसतो. लस आणि नायट्याचे औषध आत्ता द्यावे का?

कातळफूल

दोन्ही थांबवा आणि आधी सोनोग्राफी करून घ्या. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणुजन्य आजाराच्या जिवंत लसीने गर्भातील पिल्लांच्या लहान मेंदूला इजा होऊ शकते; अशी पिल्ले जन्मभर डुलत, अडखळत चालतात. नायट्यासाठी पूर्वापार दिले जाणारे ग्रिसिओफल्विन गर्भात व्यंग निर्माण करते. पिसवांसाठी कुत्र्यांचे परमेथ्रिन असलेले औषध आणि तापासाठी पॅरासिटामॉल ही तर गाभण नसलेल्या मांजरीलाही जीवघेणी आहेत. जंतनाशक मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने गाभणपणातही देता येते आणि ते द्यावे, कारण गोलकृमी आईच्या दुधातून पिल्लांपर्यंत पोहोचतात.

चांदणवेल

सोनोग्राफी झाली. पिंगी गाभण आहे. पडद्यावर लहान लहान ठोके लुकलुकताना दिसले. डॉक्टरांनी चार तरी असावेत असे सांगितले. बोक्यापासून दूर झाल्याची तारीख आणि गर्भांचा आकार जुळवून पाहता सहावा आठवडा संपत आला आहे. शस्त्रक्रिया अजूनही शक्य आहे, पण तिचे वजन कमी आहे, रक्तही थोडे कमी आहे आणि या टप्प्यावर तिला भूल देण्यापेक्षा दिवस भरू देणे त्यांना अधिक सुरक्षित वाटते. आम्ही घरी बसून विचार केला आणि पिल्ले होऊ द्यायची, ती आईपासून सुटली की पिंगीची नसबंदी करायची आणि चांगले घर मिळाल्याशिवाय एकही पिल्लू द्यायचे नाही, असे ठरवले. सुरंगी, तुमचा प्रतिसाद मी घरी सर्वांना वाचून दाखवला. आठवडे कमी भरले असते तर आमचा निर्णय कदाचित तुमच्यासारखाच झाला असता.

आता आहार आणि प्रसूतीची तयारी यांविषयी सांगावे.

निरंजन

पिल्ले होऊ द्यावीत असे मी लिहिले होते, तेव्हा दोन पिल्लांची जबाबदारी मी घेतो. आमच्याकडे जागा आहे आणि दोन्हींची नसबंदी वेळेवर होईल. संदेश पाठवत आहे.

निशिगंध

आहाराविषयी सांगते. वाढत्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य तिला आतापासून हळूहळू सुरू करा, कारण त्यात प्रथिने आणि उष्मांक अधिक असतात. शेवटच्या आठवड्यांत पोटात जागा उरत नाही, म्हणून थोडे थोडे, पण अनेकदा द्यावे. खरी भूक लागेल ती पिल्ले पिऊ लागल्यावर; दूध देणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते, तेव्हा वाटी भरलेलीच ठेवावी. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने देऊ नका. गाभणपणात वरून कॅल्शियम दिल्यास शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढण्याची सवय सोडते आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातले कॅल्शियम एकदम उतरून अंग थरथरणे, ताठरणे, झटके असे प्रकार होऊ शकतात.

जुनीविहीर

प्रसूतीविषयी आमच्याकडचा अनुभव सांगतो. शांत, अंधुक कोपऱ्यात, समोरून कापलेले एक खोके, आत जुन्या स्वच्छ चादरी, एवढी तयारी दोन आठवडे आधी करून ठेवावी, म्हणजे तिला जागेची ओळख होते. तरीही ती कपाटात जाऊन विऊ शकते. तसे झाले तर लगेच हलवू नये.

आमच्या मांजरीने आदल्या दिवसापासून खाणे सोडले, चादरी उकरत राहिली आणि मी उठलो की मागे येऊन ओरडायची. पहिले पिल्लू पातळ पापुद्र्याच्या पिशवीत बाहेर आले. तिने ती दातांनी फाडली, पिल्लाचे नाक-तोंड खरखरीत जिभेने इतक्या जोराने चाटले की ते उलटेपालटे होत होते, आणि ते किंचाळल्यावरच थांबली. मग नाळ दाढेखाली धरून तोडली आणि वार खाऊन टाकली. दुसऱ्या पिल्लाच्या वेळी ती दमली होती, पिशवी तशीच राहिली. तेव्हा मी बोटांनी नाकावरचा पापुद्रा फाडला, स्वच्छ फडक्याने तोंड पुसले आणि टॉवेलमध्ये पाठ चोळत राहिलो. ते रडू लागताच तिच्यापुढे ठेवले आणि बाकीचे तिने केले. प्रत्येक पिल्लामागे एक वार बाहेर पडते. ती मोजावी, पण नाळेला धरून ओढू नये.

कातळफूल

जुनीविहीर यांनी उत्तम लिहिले आहे. धोक्याच्या खुणा तेवढ्या मी सांगते. वीस-तीस मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर न येणे, पिल्लू अर्धवट अडकणे, पहिल्या पिल्लाआधी हिरवा किंवा काळपट स्राव होणे, ताजे रक्त वाहत राहणे, अथवा मांजरी निपचित पडणे, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून ठेवा. मांजरींत कधी कधी दोन पिल्लांमध्ये कित्येक तासांचा खंड पडतो. त्या काळात ती शांत असेल, पिल्लांना पाजत असेल, खात-पीत असेल तर ते सहसा नैसर्गिक असते, तरी फोनवरून डॉक्टरांना कळवावे. आदल्या दिवशी शरीराचे तापमान साधारण एका अंशाने उतरते, पण ते मोजताना ती बिथरत असेल तर मोजण्याचा आग्रह धरू नका.

चांदणवेल

पिंगी काल पहाटे व्याली. चार पिल्ले आहेत आणि कोणालाही हात लावावा लागला नाही. तीन पिल्ले शंभर ग्रॅमच्या आसपास आहेत, पण एक जेमतेम ८० भरते आणि इतरांच्या रेट्यात मागे पडते. त्याला वरचे दूध द्यावे का?

सुरंगी

पिंगीचे आणि तुमचे अभिनंदन. त्याला सर्वांत मागच्या सडाशी लावा, तिथे दूध भरपूर असते, आणि बाकीची पोटभर प्यायलेली असताना त्याला एकट्याला वेळ द्या. रोज ठरलेल्या वेळी त्याच काट्यावर वजन करा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. वजन थांबले किंवा घटले तर वरचे दूध द्यायचे, तेही मांजरीच्या पिल्लांसाठीच मिळणारे, गाईचे नाही. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्यावी आणि मगच दूध, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पाजताना त्याला पालथे धरावे, उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाते.

चांदणवेल

आज त्याचे वजन १२ ग्रॅमने वाढले. शेवटची शंका अशी की, पिंगी दूध पाजत असताना पुन्हा माजावर येऊ शकते का? आणि नसबंदी नेमकी केव्हा करावी?

कातळफूल

येऊ शकते. दूध पाजणारी मांजरी गाभण राहत नाही ही समजूत चुकीची आहे. काही मांजरी प्रसूतीनंतर थोड्याच आठवड्यांत माज दाखवतात आणि पिल्लांचे दूध तुटल्यावर तर तो हमखास येतो. म्हणून शस्त्रक्रिया होईपर्यंत तिला बाहेर सोडू नका आणि कोणताही बोका घरात घेऊ नका. नसबंदी झालेला बोकासुद्धा पहिले काही आठवडे गर्भ राहू देऊ शकतो. पिल्ले आठव्या आठवड्याच्या सुमारास पूर्णपणे खाद्यावर आली की दूध आटायला साधारण दोन आठवडे द्या आणि लगेच पिंगीची शस्त्रक्रिया करून घ्या. पिल्ले मात्र बाराव्या आठवड्यापर्यंत आईजवळ आणि एकमेकांजवळ राहू द्यावीत, चावण्या-ओरखडण्याची मर्यादा ती तिथेच शिकतात. त्यांची नसबंदी चौथ्या महिन्यात करता येते. निरंजन यांना पिल्ले देताना तीच तारीख ठरवून घ्या.

निरंजन

तारीख ठरली आहे. ते ८० ग्रॅमचे पिल्लू आम्हाला द्यावे, अशी घरच्यांची इच्छा आहे.